ब्राऊन एल कशी चाखावी आणि तिला गुण कसे द्यावेत

पुण्यात २००९ साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणारे ठिकाण, सुरू झाली आणि कारखान्यातून बाटलीबंद होऊन येणाऱ्या लागरखेरीज बिअरचे इतरही प्रकार असतात, हे शहराला हळूहळू कळू लागले. त्यानंतर मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर, बालेवाडी या भागांत मायक्रोब्रुअरी उघडत गेल्या आणि गव्हाची बिअर, सायडर, आयपीए (जास्त कडू बिअर) हे शब्द मेनूवर रुळले. ब्राऊन एल मात्र या मेनूवर असलीच तर कुठेतरी खालच्या ओळीत असते आणि ती मागवणारेही बहुधा ‘एकदा काळी बिअर पाहू या’ एवढ्याच हेतूने मागवतात. मग दोन घोटांत मत तयार होते. स्ट्राँग लागरची सवय असलेल्याला ती फिकी वाटते, आयपीए आवडणाऱ्याला साधी वाटते आणि स्टाउट या दाट, काळ्या बिअरच्या अपेक्षेने आलेल्याला पातळ वाटते. या तिन्ही तक्रारी ब्राऊन एलला दुसऱ्याच बिअरची फूटपट्टी लावल्यामुळे होतात. तिला तिच्या स्वतःच्या हिशेबाने कसे चाखावे, काय टिपून ठेवावे आणि शेवटी आकड्यांत गुण कसे द्यावेत, हे पहिल्यांदाच करू पाहणाऱ्यांसाठी पुढील मजकूर आहे.

कायद्याचे आधी सांगून टाकतो. महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि मद्यसेवनाचा परवाना लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. पाच टक्के अल्कोहोल असलेल्या बिअरचे १०० मिलिलिटरचे चार टेस्टर (चाखण्याचे छोटे ग्लास) म्हणजे २० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल होते आणि तेवढे थोड्या वेळात घेतल्यास सडपातळ माणूस ही मर्यादा सहज ओलांडू शकतो. ‘नुसते चाखायला चाललो आहे’ म्हणून गाडी घेऊन जाण्यात अर्थ नाही. रिक्षाने जावे आणि रिक्षाने यावे.

शैलीची ओळख

ब्राऊन एल ही मुळात इंग्लंडची बिअर आहे. एल साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअसला आंबवली जाते, तर लागरचे यीस्ट याहून बऱ्याच थंड टाकीत आणि सावकाश काम करते. त्या उबदार आंबवणीमुळे एलमध्ये फळांची आठवण करून देणारे सौम्य वास उतरतात. तपकिरी रंग आणि चवीचा मोठा भाग मात्र माल्टमधून, म्हणजे भिजवून, मोड आणून वाळवलेल्या सातूमधून येतो. हे मोड आलेले दाणे ओले असतानाच तापवले, तर त्यांच्या आत साखर तयार होऊन ती कॅरमेलसारखी घट्ट होते. त्याला क्रिस्टल माल्ट म्हणतात. वाळलेले माल्ट पुढे भाजत नेले की चॉकलेट माल्ट मिळते. हे नाव त्याच्या रंगावरून पडले आहे, त्यात कोको नसतो. १८१७ साली डॅनियल व्हीलर यांनी फिरत्या पिंपात माल्ट भाजण्याच्या पद्धतीचे इंग्लंडमध्ये पेटंट घेतले. त्यापूर्वी गडद बिअरसाठी लाकडाच्या जाळावर वाळवलेले तपकिरी माल्ट भरपूर प्रमाणात वापरावे लागे. त्यानंतर फिकट माल्टमध्ये भाजलेल्या माल्टचा थोडासा अंश मिसळून हवा तेवढा रंग आणता येऊ लागला. आजची ब्राऊन एल याच तत्त्वावर बनते. तिच्यात भाजल्याची चव असते, पण ती पावाच्या कडेपर्यंतच असावी. करपलेल्या कॉफीपर्यंत गेली, की ती पोर्टर किंवा स्टाउट या अधिक काळ्या बिअरच्या हद्दीत शिरली असे समजावे.

विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये मॅन्स या ब्रुअरीने बाटलीतील गोड आणि हलकी ब्राऊन एल लोकप्रिय केली. तिच्यात अल्कोहोल अवघे २.८ टक्के असते. १९२७ मध्ये उत्तरेकडील न्यूकॅसल शहरातून न्यूकॅसल ब्राऊन एल आली. ती कमी गोड आणि सुक्या मेव्याकडे झुकणारी होती. अमेरिकेत १९८० च्या दशकात घरगुती ब्रुअरांनी आणि छोट्या कंपन्यांनी हाच प्रकार उचलून त्यात हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुले, वाढवले. १९८६ ची पीट्स विकेड एल हे त्याचे गाजलेले उदाहरण आहे. गुण देताना समोरची बिअर इंग्लिश वळणाची आहे की अमेरिकन, हे ठरवणे ही पहिली पायरी असते, कारण एकीत शोभणारा संत्र्याच्या सालीचा वास दुसरीत खटकतो. परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या बीजेसीपी या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार इंग्लिश ब्राऊन एलमध्ये अल्कोहोल ४.२ ते ५.९ टक्के, कडूपणा २० ते ३० आयबीयू (कडूपणाचे माप) आणि रंग १२ ते २२ एसआरएम (रंगाच्या गडदपणाचे माप) असावा. अमेरिकन ब्राऊन एलमध्ये अल्कोहोल ४.३ ते ६.२ टक्के आणि रंग १८ ते ३५ एसआरएम असतो. कडूपणाची मर्यादा कागदावर तीच, २० ते ३० आयबीयू. तुलनेसाठी सांगायचे, तर त्याच मार्गदर्शिकेत अमेरिकन आयपीएचा कडूपणा ४० ते ७० आहे. ब्राऊन एल कडू लागली नाही ही तक्रार त्यामुळे मुळातच चुकीची ठरते.

आदल्या दिवशीचा सराव

नवख्यांची खरी अडचण जिभेची नसते, शब्दांची असते. वास ओळखीचा वाटतो, पण नाव सुचत नाही, आणि मग टिपणात ‘छान, माल्टी’ एवढेच उतरते. यावर उपाय स्वयंपाकघरातच आहे. आदल्या दिवशी पाच-सहा डबे काढून एकेक हुंगावा आणि जवळजवळच्या वासांतला फरक मुद्दाम शोधावा. कच्चे शेंगदाणे, खमंग भाजलेले शेंगदाणे आणि कढईत विसरल्यामुळे साल काळी पडलेले शेंगदाणे हे तीन वेगळे वास आहेत. ब्राऊन एलमध्ये मधला हवा. गूळ आणि काकवी एकाच उसाच्या रसातून येतात, तरी काकवीत किंचित आंबूस आणि दाट असा वास असतो, जो गुळात नसतो. थालीपिठाची भाजणी दळून आणल्यावर पिशवीतून येणारा वास टोस्ट या शब्दापेक्षा कितीतरी नेमका आहे आणि चांगल्या ब्राऊन एलमध्ये तो पुष्कळदा सापडतो. खारीक, मनुका आणि अंजीर यांचे वासही वेगवेगळे करून पाहावेत. कॅम्पातील कयानी बेकरीची श्रूजबरी बिस्किटे यासाठी फारच उपयोगी आहेत, कारण त्यांत भाजलेल्या मैद्याचा आणि लोण्याचा असे दोन वास एकावर एक बसलेले असतात. ब्राऊन एलमध्ये पहिला मनमुराद चालतो, दुसरा मात्र जेमतेम असावा. तूप कढवल्यावर तळाशी राहणाऱ्या बेरीचा वास हा तिसरा. तो टॉफीच्या जवळ जातो आणि क्रिस्टल माल्टची खूण म्हणून धरता येतो. हे वास नाकात पक्के झाले, की ग्लास समोर आल्यावर शब्द शोधत बसावे लागत नाही.

टिपणे आपल्या परिचयाच्या शब्दांत करावीत. परदेशी टिपणांतले हेझलनट किंवा ट्रीकल हे शब्द उसने घेऊन लिहिण्यात काही हशील नाही. ज्याने हेझलनट कधी खाल्लेच नाही, त्याला चार महिन्यांनी स्वतःच्याच टिपणाचा अर्थ लागणार नाही. १९७९ मध्ये मॉर्टन मीलगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिअरमधील चवींचे वर्तुळाकार वर्गीकरण प्रसिद्ध केले आणि जगभरच्या ब्रुअरी ते वापरतात. पुढे गोडी लागल्यावर ते अवश्य पाहावे. सुरुवातीला डबे पुरेसे आहेत.

जागा, वेळ आणि टेबलावरचे पदार्थ

शनिवारी रात्री नऊ वाजता कोणतीही बिअर नीट चाखता येत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी, संध्याकाळी गर्दी होण्याआधी जावे. पोट रिकामे नसावे आणि गच्च भरलेलेही नसावे. अत्तर, परफ्यूम, सिगारेट, बडीशेप आणि पान हे सगळे नंतर. टेबलावर आपोआप येऊन पडणारे मसाला शेंगदाणे आणि मसाला पापड बाजूला सारावेत, कारण कच्चा कांदा, लिंबू आणि चाट मसाला यांच्यानंतर ब्राऊन एलमध्ये काहीही उरत नाही; शिवाय ओठांवरचे तेल ग्लासातील फेस मोडते आणि मग फेसाचे गुण विनाकारण कापले जातात. सोबत साधे, बर्फ न घातलेले पाणी आणि मीठ-मसाला नसलेला पाव मागवावा.

मागवण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : ही बॅच केव्हा टॅपवर आली, अल्कोहोल किती टक्के आहे, आणि तिच्यात माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि पाणी यांखेरीज काही घातले आहे का. तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. मेनूवर ‘नट ब्राऊन’ लिहिले असले, तरी परंपरेने त्या बिअरमध्ये दाणे किंवा सुका मेवा नसतो. पण हल्ली काही ठिकाणी कॉफी, व्हॅनिला, लॅक्टोज किंवा खरोखरीचा सुका मेवा घातला जातो आणि ज्यांना त्यांची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी हा केवळ चवीचा प्रश्न राहत नाही. माझे स्पष्ट मत असे, की कॉफी घातलेली ब्राऊन एल साध्या ब्राऊन एलच्या रांगेत बसवून गुण देऊ नयेत. कॉफी माल्टवर इतकी चढते, की ब्रुअरने मूळ बिअर कशी बनवली होती हे कळायला वावच राहत नाही. सर्व्हरला या प्रश्नांची उत्तरे येत नसतील, तर ब्रुअरला विचारून यायला सांगावे. लहान ब्रुअरीत तो माणूस बहुधा काचेच्या पलीकडेच उभा असतो आणि असे कोणी विचारले तर त्याला बरेच वाटते.

अनेक बिअर चाखायच्या असतील, तर फिकट आणि सौम्य बिअर आधी, ब्राऊन एल त्यानंतर आणि आयपीए किंवा स्टाउट शेवटी असा क्रम ठेवावा. आयपीएनंतर ब्राऊन एल चाखणे हा तिच्यावर अन्याय आहे.

थंडपणा उतरू द्यावा

आपल्याकडे बिअर जितकी थंड तितकी चांगली अशी समजूत आहे आणि एप्रिल-मेच्या उन्हात ती चुकीची म्हणवतही नाही. पण अतिथंड बिअरमधून वासाची द्रव्ये हवेत फारशी सुटत नाहीत, जीभ बधिर होते आणि कर्बवायूची चुणचुण तेवढी जाणवते. ब्राऊन एलचे सगळे भांडवल वासात आणि माल्टच्या गोडव्यात असल्यामुळे थंडीचा सर्वांत मोठा फटका तिला बसतो. तिच्यासाठी साधारण १० ते १३ अंश सेल्सिअस हे तापमान योग्य समजले जाते. टॅपमधून ग्लासात आली, की बाहेरून दव धरलेला ग्लास दहा-पंधरा मिनिटे तसाच ठेवावा, किंवा घाई असेल तर तळव्यांत धरून ऊब द्यावी. फक्त दिसणे आणि पहिला वास लगेच टिपावा, कारण फेस थांबत नाही. मग थंड असताना एक लहान घोट घेऊन टिपण करावे आणि ऊब आल्यावर दुसरे टिपण करावे. दोन्हींतील फरक हाच पुष्कळदा सर्वांत शिकवणारा भाग असतो : थंड असताना नुसती गोडसर वाटणारी बिअर पंधरा मिनिटांनी भाजणी, खारीक आणि किंचित कोको दाखवू लागते, तर कधी उलट घडते आणि थंडीने झाकलेला लोण्याचा वास वर येतो.

गोठवलेल्या ग्लासात बिअर आली, तर नम्रपणे साधा ग्लास मागावा. तोंडाशी किंचित निमुळता होणारा ग्लास उत्तम. तो दोन-तृतीयांशपेक्षा जास्त भरू देऊ नये, म्हणजे वर वास साठायला जागा राहते.

पाहणे

यावर फार वेळ घालवू नये. बीजेसीपीच्या पद्धतीत पन्नासांपैकी तीनच गुण यासाठी आहेत. ग्लास पिवळ्या दिव्याखाली न पाहता खिडकीच्या उजेडाकडे किंवा पांढऱ्या कागदासमोर धरावा. मध्यभागी कोऱ्या चहापासून काकवीपर्यंतचा कोणताही तपकिरी रंग चालतो, पण ग्लास किंचित तिरका केल्यावर कडेला लालसर झाक दिसावी; कडही काळीच असेल, तर भाजलेले माल्ट जास्त पडले आहे. फेस मळकट पांढरा ते फिकट बदामी असावा. ग्लासाच्या आतल्या भिंतीला जागोजागी बुडबुडे चिकटून राहिले असतील, तर ग्लास नीट धुतलेला नाही असे समजावे आणि फेसाबद्दल बिअरला दोष देण्यापूर्वी ग्लास बदलून घ्यावा.

वास

येथे बारा गुण आहेत आणि घाई केल्यास तेच सर्वांत आधी वाया जातात. ग्लास हलकेच गोल फिरवावा, नाक आत न्यावे आणि दीर्घ श्वास घेण्याऐवजी तीन-चार तुटक, छोटे श्वास घ्यावेत. मग ग्लास दूर करून अर्धा मिनिट थांबावे. नाक एकाच वासाला लवकर सरावते, त्यामुळे सलग हुंगत राहिल्यास वास कमी झाल्याचा भास होतो. अशा वेळी स्वतःच्या मनगटाचा किंवा बाहीचा वास घेतला, की नाक पुन्हा ताळ्यावर येते.

पहिल्या खेपेला फक्त माल्ट शोधावे : टोस्ट, भाजणी, शेंगदाणे, बेरी, गूळ, कोको यांपैकी काय आहे आणि कशाचे पारडे जड आहे. दुसऱ्या खेपेला हॉप्स. इंग्लिश वळणाच्या बिअरमध्ये फगल किंवा गोल्डिंग्ज जातीच्या हॉप्सचा मातकट, वाळल्या पाल्यासारखा मंद वास असू शकतो किंवा तो जवळजवळ नसेलही. अमेरिकन वळणाच्या बिअरमध्ये लिंबूवर्गीय फळांची साल किंवा पाइनचा डिंक जाणवू शकतो. तिसऱ्या खेपेला यीस्टने दिलेली फळे, म्हणजे सफरचंद, नासपती किंवा मनुका. हे वास पार्श्वभूमीला राहिले पाहिजेत. केळे किंवा लवंग स्पष्ट आली, तर यीस्ट जर्मन गव्हाच्या बिअरचे असण्याची दाट शंका घ्यावी. एकाच ठिकाणी अनेक बिअर बनतात, तेथे असे घडू शकते.

चव आणि तोंडातील जाणीव

पहिला घोट तोंड धुण्यापुरता समजावा आणि त्यावर काही लिहू नये. दुसरा घोट मध्यम घ्यावा, सर्व जिभेवरून फिरवावा आणि गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडावा. चवीचा मोठा भाग या बाहेर जाणाऱ्या श्वासातच कळतो. वाइनचे परीक्षक घोट थुंकतात, बिअरचे सहसा थुंकत नाहीत, कारण गिळल्यानंतर मागे रेंगाळणारा कडूपणा हा परीक्षणाचाच भाग आहे. जिभेचे टोक गोड आणि कडा आंबट ओळखते असा जो नकाशा शाळेत दाखवला जात असे, तो विसरून जावा; सर्व चवी जिभेवर सगळीकडे कळतात.

ब्राऊन एलची चव क्रमाने उलगडते आणि हा क्रमच टिपायचा असतो. सुरुवातीला माल्टचा गोडवा येतो. मध्ये भाजलेपणा आणि सुका मेवा येतो. शेवटी हॉप्सचा कडूपणा येऊन गोडवा पुसतो आणि पुढच्या घोटाची इच्छा जागी ठेवतो. उत्तम ब्राऊन एलमध्ये हे तीन टप्पे एकमेकांत मिसळलेले असतात, पण हरवलेले नसतात. सामान्य बिअरमध्ये बहुधा तिसरा टप्पा कमी पडतो : घोट गिळल्यावर ओठ चिकट होतात, गोडवा बराच वेळ रेंगाळतो आणि अर्ध्या ग्लासानंतर कंटाळा येतो. पुण्यातील ब्राऊन एलबाबत सांगायचे, तर गोडव्याकडे झुकण्याचा हा दोष मला इतर कोणत्याही दोषापेक्षा जास्त आढळतो. गिऱ्हाइकाला कडू आवडत नाही या धास्तीने तो मुद्दाम राखला जातो की काय, असेही वाटते. अशा बिअरला चवीच्या वीस गुणांपैकी तेरा-चौदापेक्षा जास्त देऊ नयेत, मग वास कितीही सुरेख असो.

तोंडातील जाणीव म्हणजे बिअरचे वजन, कर्बवायूची चुणचुण आणि तुरटपणा. वजन मध्यम असावे. पाण्यासारखी पातळ नको आणि काढ्यासारखी दाट नको. कर्बवायू मध्यमच, सोड्यासारखा टोचणारा नसावा. भाजलेल्या माल्टमुळे किंचित कोरडेपणा येतो आणि तो चालतो, पण फार उकळलेल्या चहासारखी जीभ आवळली गेली, तर माल्टच्या टरफलांतील टॅनिन बिअरमध्ये उतरले आहे.

दोष कसे ओळखावेत

दोष शोधायचा तो बिअरला नावे ठेवण्यासाठी नव्हे, तर शैलीचा गुणधर्म आणि बनवण्यातील चूक यांत गल्लत होऊ नये म्हणून. सर्वांत जास्त भेटतो तो डायॲसिटिल : पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास आणि जिभेवर बुळबुळीतपणा. आंबवणीत यीस्ट स्वतःच त्याची पूर्वद्रव्ये बाहेर टाकते आणि पुरेसा वेळ दिला तर तयार झालेला डायॲसिटिल परत शोषून घेते. टाकी मोकळी करण्याच्या घाईत बिअर लवकर थंड केली, की तो मागे राहतो. इंग्लिश एलमध्ये त्याची पुसट छटा खपवून घेतली जाते, पण लोणी हीच पहिली ओळख होत असेल, तर वास आणि चव दोन्हींत गुण कापावेत. हिरव्या सफरचंदाचा किंवा ताज्या रंगाचा वास ॲसिटाल्डिहाइडचा असतो आणि बिअर कच्ची असल्याचे सांगतो. उकडलेल्या मक्याचा वास डीएमएस या गंधकयुक्त द्रव्याचा. तो फिकट माल्टच्या बिअरमध्ये जास्त आढळतो, ब्राऊन एलमध्ये क्वचित. ओल्या पुठ्ठ्याची चव हवेशी संपर्क आल्याची खूण आहे आणि ग्राउलरमध्ये (बिअर घरी नेण्याच्या मोठ्या बाटलीत) भरून घरी नेऊन ठेवलेल्या बिअरमध्ये ती येऊ शकते, म्हणून ग्राउलरमधील बिअरवर ब्रुअरीचे मूल्यमापन करू नये. दवाखान्यातील पट्टीचा वास आणि व्हिनेगरचा आंबटपणा बहुधा स्वच्छतेतील हयगय दाखवतात.

आंबटपणा किंवा लोणी लागल्यास दोष बॅचचा आहे की टॅपच्या नळीचा, हे तपासण्याचा सोपा मार्ग आहे. दिवसाचा पहिला ग्लास नळीत रात्रभर पडून राहिलेल्या बिअरचा असू शकतो. त्यामुळे तीन-चार ग्लास ओतले गेल्यावर दुसरा टेस्टर मागावा. तो स्वच्छ निघाला तर गुण त्यालाच द्यावेत. दोन्ही सारखेच निघाले, तर शांतपणे आणि नेमक्या शब्दांत सांगावे. ‘बिअर खराब आहे’ यापेक्षा ‘ऊब आल्यावर लोण्याचा वास येतो आहे’ हे वाक्य ब्रुअरपर्यंत पोहोचते.

गुण

बीजेसीपीच्या पद्धतीत एकूण ५० गुण असतात : वास १२, दिसणे ३, चव २०, तोंडातील जाणीव ५ आणि एकंदर परिणाम १०. बेरीज ४५ ते ५० असेल तर असाधारण, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ फार चांगली, २१ ते २९ चांगली, १४ ते २० जेमतेम आणि त्याखाली सदोष अशी वर्गवारी आहे. नवख्यांनी हीच पद्धत वापरावी, कारण ती प्रत्येक अंगाचा वेगळा विचार करायला लावते. मोबाइलवरील अनटॅप्डसारख्या ॲपमध्ये पाचपैकी तारे द्यावे लागतात. तेथे पन्नासांचे गुण दहाने भागून टाकण्याचा मोह होतो, पण ते तारे मुख्यतः आवडीचे असतात आणि त्यांचा हिशेब स्वतंत्र ठेवणेच बरे.

एका ग्लासाचे टिपण नमुन्यादाखल देतो. इंग्लिश वळणाची, पाच टक्क्यांची, टॅपवर येऊन आठवडा झालेली ब्राऊन एल. “दिसणे : कोऱ्या चहाचा रंग, कडेला माणकासारखी झाक, बदामी फेस तीन मिनिटे टिकला, ग्लासावर जाळी राहिली : ३. वास : थंड असताना गूळ; ऊब आल्यावर भाजणी आणि खारीक, हॉप्स जवळजवळ नाहीत, लोणी नाही : ९. चव : सुरुवात टॉफीची, मध्ये खमंग शेंगदाणे, शेवटचा कडूपणा अपुरा, गोडवा रेंगाळतो : १४. तोंडातील जाणीव : मध्यम, मऊ, तुरटपणा नाही : ४. एकंदर परिणाम : पहिला ग्लास आनंदाने संपला, दुसऱ्याची इच्छा झाली नाही : ७.” बेरीज ३७ होते. आणखी एक गुण दिला असता, तर ही बिअर उत्कृष्टांत गेली असती आणि तो एक गुण कुठेतरी घुसवण्याची इच्छा होतेच. तसे करू नये. बेरीज पाहून घटक बदलायचे नसतात. जो शेवटचा कडूपणा कमी पडला, त्याचीच ही किंमत आहे आणि टिपण वाचणाऱ्याला ती दिसली पाहिजे.

गुण आधी लिहावेत आणि मगच सोबत्याशी बोलावे. टेबलावर एकाने ‘चॉकलेट लागते आहे’ म्हटले, की उरलेल्या सर्वांना चॉकलेट लागू लागते. सर्वांनी आपापले आकडे लिहिल्यावर वाचून दाखवावेत आणि सात-आठ गुणांचा फरक पडला असेल तर कोणत्या घटकात पडला हे पाहावे. मते जुळवून घेण्याची गरज नाही. आवड वेगळ्या ओळीत, होय किंवा नाही एवढीच लिहावी. गोड बिअर ज्याला आवडते, त्याने वरील नमुन्यातील बिअरपुढे ‘होय’ लिहावे आणि गुण तरीही ३७ च ठेवावेत.

प्रत्येक टिपणावर तारीख, ब्रुअरीचे नाव, अल्कोहोलची टक्केवारी आणि कळली असल्यास बॅचची माहिती असावी. काही आठवड्यांनी तीच ब्राऊन एल पुन्हा घ्यावी, मात्र नवे गुण लिहून होईपर्यंत जुने टिपण उघडू नये. पाचपेक्षा जास्त गुणांचा फरक निघाला, तर टॅपवरच्या माणसाला बॅच बदलली आहे का हे विचारावे. लहान ब्रुअरीत माल्टचा पुरवठादार बदलणे किंवा टाकीतून बिअर चार दिवस आधी काढणे एवढ्या कारणानेही चव हलते.